सुटीच्या वेळची झडती

संध्याकाळचे पाच वाजले की बाबा घरी जायला निघतात. ते घरीच आहेत, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

स्मृतिभ्रंशानं त्यांच्याकडून आमची नावं नेली, नातवंडं नेली. संरक्षण कारखान्यातली नोकरी तेवढी शिल्लक ठेवली. मध्यंतरी ते असेच निघाले आणि अधारतालच्या आमच्या घरून थेट लांबच्या घमापूर वस्तीत पोचले. एका पानवाल्याला आपलं घर विचारताना सापडले. मग पुण्याहून माझा मोठा भाऊ आपल्या हुद्द्यासकट आला. येताना दोन्ही दारांसाठी भक्कम कुलपं आणली. ज्याला तो ‘सुरक्षा व्यवस्था’ म्हणत होता, ती त्यानं आईला समजावून सांगितली.

आई म्हणाली, "लाव ना. पण मंग याला घर काहून म्हणायचं? जेल म्हण."

तिची व्यवस्था निराळी होती. कारखान्यात सुटी झाली की फाटकावरचा जमादार प्रत्येकाची झडती घ्यायचा. त्याशिवाय कोणी बाहेर पडत नसे. म्हणून पाच वाजता आई पदर खोचून मागच्या दारात उभी राहते. "चलो, हाथ ऊपर." बाबा निमूट हात वर करतात. ती खिसे चाचपते, हातातला जेवणाचा डबा उघडून बघते. "जाओ." बाबा बोळातून घराला वळसा घालून पुढच्या दाराशी येतात. थोडं अंतर ठेवून मी मागं असते. तोवर आई आतून पुढं पोचलेली असते.

"आलात? चहा टाकू?"

बाबा चपला काढून खुर्चीत बसतात, आणि दिवसभर नसलेली शांतता त्यांच्या चेहऱ्यावर येते. एकदा तिलाच म्हणाले, "आजचा जमादार भला माणूस होता."

"हो का?" म्हणत तिनं कप पुढं केला. तिला यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं.

भावाला हा सगळा पोरखेळ वाटत होता. पण तो असतानाच आई तापानं पडली, आणि पाच वाजता मागच्या दाराशी त्याला उभं राहावं लागलं. त्यानं दार उघडलं. "चला, बाबा."

बाबा हात वर करून तसेच उभे.

"अहो, तुमची कसली झडती?"

बाबा घाबरले. "साहब, बिना झडती के कैसे जाऊँ? कल कुछ गायब हुआ तो नाम मेरा आएगा."

भावानं त्यांचे खिसे चाचपले. मंत्र्याच्या कोटावरची धूळ झटकावी इतक्या अदबीनं. "डब्बा भी देखिए," बाबांनीच आठवण करून दिली. डबा रिकामा होता. भाऊ त्यात जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "जाइए."

पुढच्या खोलीत आई पांघरूण घेऊन पडली होती. आल्या आल्या बाबांनी तिला सांगितलं, "नवा जमादार आलाय. अगदीच ढ."

"शिकेल. माणूस कसा आहे?"

"माणूस बरा आहे. रिकाम्या डब्यातही किती वेळ बघत होता बिचारा."

भाऊ स्वयंपाकघरात चहा टाकत होता. कप घेऊन तो बाहेर आला. कुलपांचा विषय त्यानं काढला नाही. बाबा चहा पिऊ लागल्यावर आईला हळूच म्हणाला, "उद्यापण मीच उभा राहतो."

"राहा," आई म्हणाली, "पण जरा गुरकावून बोल. ‘जाइए’ कोणता जमादार म्हणतो रे?"