गार्डाचा डबा

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची खाट आम्ही मागच्या खोलीत हलवली, कारण संडास-बाथरूम त्या खोलीला लागून आहे. खोलीत आधीपासून वडिलांची रेल्वे होती. मालगाडीवरचे गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लायवूडच्या मोठ्या फळीवर ती मांडली होती. रूळ, सिग्नल, एक छोटं स्टेशन, इंजिन आणि मालाचे चार डबे. खाट मावेना म्हणून फळीचा एक कोपरा कापावा लागला. सुतार मीच बोलावला.

साताऱ्यात माझा मंगल कार्यालयांना भांडी आणि गाद्या भाड्याने द्यायचा धंदा आहे. लग्नाच्या तारखा सोडून दर शनिवारी मी एसटीने सांगलीला यायचे, आईला अंघोळ घालायचे, चादरी बदलायचे, आठवड्याची औषधं लावून ठेवायचे आणि परत जायचे. तिच्या किडन्यांबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. डायलिसिस नको, असं तिनेही तितकंच स्पष्ट सांगितलं होतं. किती दिवस, हा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

पडल्या पडल्या ती दिवसभर ती गाडी बघायची. एका शनिवारी मी तिचे पाय चेपत होते. वडील इंजिन पुसत होते.

"आवं," ती म्हणाली, "तुमच्या गाडीला तुमचा डबा कुठाय?"

"जागा नाही."

"चार डब्यांना जागा हाय, पाचव्याला न्हाई व्हय?"

"आता मालगाडीला गार्डाचा डबा लावत नाहीत. मागं एक पेटी बसवतात, लुकलुकणारी."

"मग तुमी काय पेटीत बसून नोकरी केली?"

मला हसू आलं. वडील फडकं ठेवून बाहेर निघून गेले.

ते गेल्यावर आईने माझं मनगट धरलं. "मला त्यो डबा बघायचाय. तुझा भाऊ गेला त्या दिवशी हे कुठं बसून हुते, तेवढं बघून जायचंय मला."

माझा पाठचा भाऊ दीड वर्षाचा असताना गेला. मी तेव्हा पहिलीत होते. वडील सकाळी ड्युटीवर गेले तेव्हा त्याला साधा ताप होता. दुपारी झटके सुरू झाले. मामाने दवाखान्यातून स्टेशनवर धावत जाऊन निरोप दिला, तो पुढे फोनने गेला. वडील घरी आले तेव्हा लोक त्याला पुरून, हातपाय धुऊन अंगणात बसले होते. नंतर मामाला कुणीतरी सांगितलं, की मालगाडी दुपारभर एका लहान स्टेशनात उभी होती. उभी होती, हा एक शब्द आईच्या मनात राहिला. ती वडिलांशी भांडली नाही. भाकरी बांधून देत राहिली, सणवार केले, माझं लग्न केलं. पण उभ्या गाडीतून माणूस उतरून का आला नाही, हे तिने त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

रडारडीत मला गती नाही. जे करता येण्यासारखं असतं ते मी करते. पुण्यात एक जण आपल्याकडच्या मालगाड्यांचे छोटे डबे बनवून विकतो, असं मोबाइलवर सापडलं. त्याच्याकडून गार्डाचा डबा मागवला. कुरिअरने साताऱ्याला आला. विटकरी रंगाचा, दोन्ही टोकांना उघडी गॅलरी, मध्ये एवढीशी खिडकी. आईच्या धुतलेल्या परकरात गुंडाळून पिशवीत घातला आणि शनिवारी घेऊन गेले.

जोडताना कडी धरेना. नेलकटरच्या कानशीने जरा घासली तेव्हा बसली. वडील दारात येऊन उभे राहिले होते.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"आईनं."

मी बटण दाबलं. गाडी फळीला वळसा घालून बाजूच्या रुळावर आली. समोरून दुसरी गाडी येणार असली की मालगाडीला अशा बाजूच्या रुळावर घेऊन उभी करतात. मी ती तिथे थांबवली. इंजिन स्टेशन ओलांडून पुढे गेलं होतं आणि गार्डाचा डबा बरोबर स्टेशनच्या दारासमोर उभा राहिला.

आई कोपरावर उठली. बराच वेळ बघत राहिली.

"हितं?" ती म्हणाली. "आवं, मास्तरच्या दारातच बसला हुता की तुमी. नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

वडील पुढे आले आणि त्यांनी डबा काढून घेतला. मला वाटलं आता फेकून देतात. पण ते तो हातात धरून मागच्या दाराने बाहेर गेले. धुण्याचा दगड ओलांडला, शेवग्यापाशी गेले आणि कंपाउंडच्या भिंतीशी वाकून डबा जमिनीवर ठेवला.

"चार डब्यांची मालगाडी नसते," ते तिथूनच म्हणाले. "चाळीस डबे असतात. चाळीस जोडले तर मी इथं येतो."

"मला दिसंना," आई म्हणाली.

मी खाटेचा पायथा ओढून दाराकडे फिरवला, तिच्या पाठीला दोन उशा लावल्या. आता तिला भिंतीशी विटकरी ठिपका दिसत असावा. वडील परत येऊन उंबऱ्यात उभे राहिले आणि बाहेर बघतच बोलू लागले.

"निरोप मास्तरकडं पोचला होता. त्यानं एक माणूस धाडला माझ्याकडं. तो खडीवरनं चालत निघाला. निम्म्यात आला तोवर समोरची मेल गेली, आम्हाला सिग्नल पडला. गाडी सुटली. माझा डबा त्याच्याजवळनं गेला तेव्हा तो हात वर करून ओरडत होता. डब्यांच्या खडखडाटात काय ऐकू येतंय. मला वाटलं, ऑल राइट दाखवतोय."

गाडी स्टेशन सोडताना तिथला माणूस आणि गार्ड एकमेकांना सगळं ठीक असल्याची खूण करतात. हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग मी त्याला हिरवा झेंडा दाखवला."

शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"हे तवाच सांगायचं," आई म्हणाली.

"काय सांगू? पोरगं चाललं होतं आणि बाप झेंडा दाखवत होता, हे?"

आईने डोळे मिटले. मी तिची नाडी बघावी का, असा विचार करत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "उनात कशाला ठेवलाय त्यो. आत आना."

वडिलांनी डबा आणून तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ धरला, खिडकीतून आत बघितलं.

"पंखा हुता?"

"नव्हता."

"सोबतीला कोन?"

"कुणी नाही. मी आणि माझी सामानाची पेटी."

वडील खाटेच्या कडेला टेकले. आई एकेक विचारू लागली. निरोप शेवटी कुठं मिळाला? कऱ्हाडला, गाडी थांबल्यावर. सांगितलं कुणी? तिथल्या मास्तरनं, खुर्ची देऊन. परत कशानं आला? पॅसेंजरनं, उभ्यानं. एवढ्या वर्षांचं ती एकामागून एक विचारत होती आणि ते उत्तरं देत होते, चौकशीत देतात तशी, थोडक्यात.

"जेवला हुता का त्या दिवशी?"

"नाही. भाकरी तशीच परत आणली."

"व्हय," आई म्हणाली. "फडक्यात हुती. मी ती दुसऱ्या दिवशी गायीला घातली."

मी चादर बदलायला घेतली होती, ती घडी घालून परत ठेवली आणि चहा टाकायला गेले.