विनयाने बांधलेला बस्ता

माझी बायको विनया चष्मा नेहमी विसरते, मत द्यायला मात्र कधीच विसरत नाही. २०१६ साली आमच्या श्रुतीने आम्हा दोघांना पापाकुराच्या घरून ऑकलंड शहरात इटालियन सिनेमाला नेलं, तेव्हाही चष्मा गाडीतच राहिला. मी तर नावं संपायच्या आत झोपलो.

सिनेमातल्या पोरापोरींना गाव सोडून पळायचं होतं. श्रुतीलाही तेच हवं होतं, हे मला नंतर कळलं. गाडीने आठ तासांवरच्या पोरिरुआ गावी एका क्लिनिकमध्ये तिला नर्सची नोकरी मिळाली होती, शुक्रवारपर्यंत होकार द्यायचा होता, आणि 'मी वेगळी राहणार' हे आईला सांगायचा धीर होत नव्हता. म्हणून ते सिनेमाने सांगावं, अशी योजना! शिकलेल्या माणसांना असलेच उपाय सुचतात.

शेवटी नायिका आपल्या आईवर ओरडली, "बास्ता!" म्हणजे पुरे. अर्थ खाली इंग्रजीत होता, पण विनयाला दिसतंय कुठे? तिने ऐकलं 'बस्ता', लग्नाच्या कपड्यांची खरेदी! तिने मला कोपराने ढोसलं.

"अहो, उठा. पोरीला लग्न करायचंय."

नवऱ्याचा पत्ता नाही, पण पुण्याला तिच्या बहिणीला, वसुंधरेला, फोन गेला. गुरुवारी संध्याकाळी वसुंधरा व्हिडिओ कॉलवर दुकानातून एकेक शालू उलगडून दाखवू लागली.

"श्रुती, जांभळा की मोरपंखी?" विनयाने विचारलं.

"बास्ता, आई!" श्रुती किंचाळली.

"अगं, तेच तर चाललंय!"

"बास्ता म्हणजे पुरे! इनफ! मला लग्न नकोय, मला पोरिरुआला जायचंय. एकटीला. उद्यापर्यंत त्यांना हो कळवायचंय."

"पोरिरुआ?" पुण्याहून वसुंधरा म्हणाली. "हे कुठलं स्थळ?"

विनयाने फोन बंद केला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. मला पोरीचा राग आला. ती जाणार म्हणून गुपचूप डोळेही पुसले.

सकाळी हॉलमध्ये चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. त्यात दोन ब्लँकेटं, छोटा कुकर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला. शेजारी विनया, चक्क चष्मा लावून.

"हे काय, आई?"

"बस्ता. तिकडे वारा फार असतो म्हणे."

श्रुती तिच्या गळ्यात पडून हमसू लागली. विनयाने तिला बाजूला केलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"आधी हो कळव. रडायला तुझे बाबा आहेतच."