शकूचा पॅक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगून राहिले? तुम्ही शकूला ओळखत नाही — तेवढ्यासाठीच असेल.

शकू आणि मी उदगीरच्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवायचो. दोघीही तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढच्या वर्षी असू की नसू याचा भरवसा नाही. ती अर्धापूरची, मी देवणीजवळच्या खेड्यातली. एकाच खोलीत राहायचो. गावाहून येताना ती पिशवीभर केळी आणायची. मी नको नको म्हणायचे आणि निम्मी मीच संपवायचे. आता बाजारात केळीच्या गाड्यापुढं उभी राहिले की — जाऊ द्या, ते नको.

पॅक काय ते आधी सांगते. पोरांना पायथन शिकवायचं होतं, म्हणजे कंप्युटरला हुकूम द्यायची एक भाषा. भाषा फुकट, कुणीही घ्यावी. पण ती नेटवरून उतरवायची, मग तिच्यासोबतचं बारीकसारीक सामान वेगवेगळं उतरवायचं, आणि आमच्या लॅबचं नेट आलं तर आलं. शकूनं ते सगळं एका पेनड्राइव्हवर असं बांधलं की एकदा क्लिक केलं की आपोआप बसायचं. नेट लागायचं नाही, जुनाट डबड्यावरसुद्धा चालायचं. मग देगलूर, निलंगा, कुठून कुठून मास्तर लोक मागायला लागले. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जाऊन आम्ही बसवून द्यायचो. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली की शकू माझा हात घट्ट धरायची. "बोलू नको, सवे," म्हणायची, जसं काही माझ्या बोलण्यानं पट्टी अडकणार होती. लई हसायचे मी तिला. तो हात मला अजून आठवतो. रोज आठवतो.

पण सगळे त्याला शकूचा पॅक म्हणायचे. सामान ज्या फोल्डरात जाऊन बसायचं, त्याला तिनं चाचणीपुरतं स्वतःचं नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत, आणि तेच राहून गेलं. नाव इंग्रजीच लागतं, मधे मोकळी जागा चालत नाही, नाहीतर आतल्या सामानाला आपलं घरच सापडत नाही — हे तिनं मला बजावून सांगितलं होतं. मी हाव म्हणाले होते. ऐकलं होतं का? कानानं ऐकलं होतं. माझं डोकं दुसरीकडंच होतं. मराठीतल्या सूचना मी लिहिल्या, एसटीतले धक्के मीही खाल्ले, आणि नाव तिचं? मला सलायचं ते. सलायचं कसलं — जळत होते मी.

मग नांदेडच्या एका कॉलेजात तिथल्या आणि आमच्या, दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांना पॅक दाखवायचं ठरलं. आमच्या प्राचार्य सरांनी शकूला सांगून ठेवलं होतं, हे नीट पार पडलं तर लॅबची कायमची जागा तुझी. तिच्या घरी लग्नाची घाई चालली होती. नोकरी पक्की झाली तर थांबतो, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. तिचं सगळं त्या एका दिवसावर होतं, आणि हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

आदल्या दुपारी ती साडीला फॉल लावून आणायला गेली. पेनड्राइव्ह माझ्याकडं होता. मी फोल्डरचं नाव बदलून 'मराठवाडा भाषापेटी' केलं. मराठीत, मधे मोकळी जागा सोडून. मनाला सांगितलं, आपल्या भाषेतलं नाव दिसलं की पाहुण्यांना बरं वाटेल. खोटं. मला तिचं नाव काढायचं होतं, बाकी काही नाही. माझ्या कंप्युटरवर लावून बघितलं, पडद्यावर पायथनची खिडकी उघडली, मला वाटलं चाललं. उघडलं होतं ते आधीचंच, तिनं बसवलेलं. तेवढंही मी नीट बघितलं नाही.

नांदेडला सगळ्या कंप्युटरवर हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. शकूनं माझा हात सोडला आणि हसली. मग एका मास्तरांनी क्लिक केलं आणि तांबडी ओळ आली. शेजारच्यांच्यातही तांबडी. फोल्डरच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मला तिथल्या तिथं कळलं. नाव बदलायचं, पुन्हा बसवायचं — किती वेळ लागला असता? फक्त तोंड उघडायचं होतं. शकू ह्या टेबलावरून त्या टेबलाकडं पळत होती, घामानं डबडबली होती; नावाला कुणी हात लावला असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. सोबत आलेल्या आमच्या सरांनी मला विचारलं, मॅडम, काय भानगड हाय ही?

"मला काय म्हाईत सर," मी म्हणाले. "आतलं सगळं शकूनंच केलंय."

तिनं ते ऐकलं. सरांनी पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला, तुम्हीच बघा आता म्हणाले, आणि लोक चहाला पांगले.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मुखेडच्या पुढं कुठंतरी माझ्याकडं वळली. "सवे, माझ्यामुळं तुझी बी इज्जत गेली गं. माफ कर."

आणि मी? असू दे, म्हणाले. मी तिला माफ केलं! मी — तिला!

ती अर्धापूरला गेली ती परत आली नाही. लग्नाला मी गेले होते, अक्षता टाकल्या, पोटभर जेवले. तोवर मी फोल्डरचं नाव पुन्हा इंग्रजीत केलं होतं. तिचं नाही, कॉलेजचं. पॅक धावायला लागला. सविता मॅडमनी दुरुस्त केला, असं सर सगळ्यांना सांगत सुटले. जागा मला मिळाली. आजही त्याच लॅबमध्ये, त्याच खुर्चीत बसते. पट्टी सरकायला लागली की आपोआप गप्प होते, आणि शेजारी कुणी नसतं.

यंदा शकूची भाची आमच्याकडं शिकायला आली. परवा लॅपटॉप घेऊन आली, म्हणे पायथन चालतच न्हाई. मावशीला विचारलं तर मावशी म्हणाली, मला त्यातलं कधी काही जमलं न्हाई बाई, सविता मॅडमकडं जा, लई हुशार हाय ती.

लॅपटॉप घेताना पोरीनं आपलं नाव मराठीत टाकलं होतं, आणि सगळं सामान त्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसलं होतं. मी ते काढून दुसरीकडं, इंग्रजी नावाखाली बसवलं. चाललं. एवढ्यावरच अडलं होतं होय मॅडम, म्हणाली. मी हाव म्हणाले.

तिनं खुशीत तिथंच मावशीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांनी तो आवाज — जराही बदललेला नाही.

"सवे? झालं व्हय गं? मला ठाऊकच होतं तुला जमंल. कशानं अडलं होतं?"

किती वाट बघितली होती मी त्या आवाजाची. आणि विचारलं तिनं नेमकं तेच.

"काही न्हाई गं," मी म्हणाले. "नेट गेलं होतं."

भाची माझ्याकडं बघत राहिली.