कोइंबतूरची न घेतलेली खोली

अन्विता, रोहन,

मी तंजावर सोडलं तेव्हा एकवीस वर्षांची होते. मद्रासजवळच्या आवडी या गावी एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती. मद्रासच्या गाडीत मला बसवून अप्पा खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मूळ सर्टिफिकेट कुणाच्या हातात ठेवायचं नाही. दाखवायचं आणि परत घ्यायचं." अम्मा एवढंच म्हणाली, "घरातलं बाहेर बोलू नकोस." गाडी हलली तेव्हा ती दोघं रडली नाहीत, म्हणून मीही रडले नाही. कारखान्यात मला कामही मिळालं ते नव्या भरतीची कागदपत्रं तपासण्याचं. चौतीस वर्षं तेच केलं.

हे पत्र आईकडून वाचून घ्या. ती पुण्याची, तिला माझं तंजावरच्या घरातलं मराठी वाचायला अडचण नाही. बाबांनीही शेजारी बसावं.

आजोबा गेल्यापासून मी फोनवर 'हो', 'बरं', 'जेवले' यापलीकडे बोलत नाही, हे तुमच्या आईच्या लक्षात आलं. तिने माझ्यासाठी ऑनलाइन समुपदेशक शोधली. त्याच आठवड्यात बाबांनी मला कायमचं मेलबर्नला नेण्याचे कागद सहीसाठी पाठवले. मला तारखा लगेच दिसतात. ही बाई माझं मन वळवायला नेमली आहे, अशी माझी खात्रीच झाली. मी सही करायची, हा चेन्नईतला नुंगंबाक्कमचा फ्लॅट विकायचा आणि निघायचं.

समुपदेशकाचं नाव शर्वरी. नागपूरची, चाळिशीची असेल. स्क्रीनवर आल्या आल्या तिने मला "आजी" म्हटलं.

"मी तुमची आजी नाही. ऑफिसात मला मॅडम म्हणत."

"बरं, मॅडम. आत्ता तुम्ही कुठे बसला आहात? पूर्ण पत्ता सांगाल? आणि जवळ राहणारं कोणी आहे?"

पत्ता! "आधी तुमचं लायसन्स दाखवा," मी म्हटलं.

तिने ते कॅमेऱ्यापुढे धरलं. नोंदणी क्रमांक मी वहीत उतरवला, सरकारी यादीत जाऊन पडताळला. बरोबर निघाला. पुढच्या भेटीत कुठे शिकलात, कुणाच्या हाताखाली, आधी काय करत होतात, सगळं मी तिला विचारलं. ती एकेक सांगत गेली. कॅन्सरच्या रुग्णालयात नऊ वर्षं, रुग्णांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम. मग तिची आई अंथरुणाला खिळली, म्हणून घरून हे सुरू केलं.

"पत्ता अशासाठी, की बोलता बोलता तुम्हाला काही झालं तर मी नागपूरहून धावत येऊ शकत नाही. कुणाला तरी पाठवावं लागेल."

"आणि मी बोललेलं मुलाला कळवणार?"

"नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच, आणि तेही आधी तुम्हाला सांगून."

"असं सगळेच म्हणतात."

"म्हणतात खरं," ती हसली. "मग तपासा मला."

मी तपासलं. तिसऱ्या भेटीत तिला सांगितलं, "मेलबर्नला मी जाणार नाही. कोइंबतूरला ज्येष्ठांच्या निवासात खोली घेतली आहे. मुलाला माहीत नाही." साफ खोटं. कोइंबतूरला मी आयुष्यात एकदा गेलेय, एका लग्नाला. पण हे बाबांच्या कानावर गेलं असतं, तर तासाभरात फोन आला असता.

रविवारी बाबांचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला. "अम्मा, पाणी येतंय ना? गोळ्या? कागदांवर सही झाली?" मी म्हटलं, बघते. पुढचा रविवार तसाच, त्याच्या पुढचाही. तुमच्या आईला खोदून विचारलं, "काही ऐकलंस का गं माझ्याबद्दल?" तिला खरंच काही माहीत नव्हतं.

मग मी शर्वरीला सांगून टाकलं. "ती खोली नाहीच. तुम्ही चुगली करता का ते तीन रविवार बघत होते."

ती रागावली नाही. "मग, पास झाले का मी?"

"झालात."

"मग चेहरा असा का, मॅडम?"

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात मी स्वतःला बघितलं. पडलेलाच होता.

"तीन रविवार वाट बघितलीत," ती म्हणाली. "त्याने काय विचारावं असं वाटत होतं?"

 

फोन उचलताना मला भीती नव्हती, घाई होती. बाबांनी चिडून विचारावं, "अम्मा, तू येणार नाहीस?" आणि मी हो म्हणून मोकळं व्हावं. खोली खोटी होती, न येणं खरं होतं. ते तिने पोचवलं असतं तर मला बोलावं लागलं नसतं.

"तुम्हीच सांगा ना त्याला," मी म्हटलं.

"नाही, मॅडम. ते माझं काम नाही. कसं सांगायचं यावर आपण बोलू."

बोललो. अजून माझा तिच्यावर पुरता विश्वास नाही. तिच्या नोंदणीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. पण तिची पुढची भेट मी स्वतः ठरवली.

तर, मी कायमची येणार नाही. कागद सही न करता या पत्रासोबत परत पाठवते आहे. तुमच्याकडे येते तेव्हा सहा आठवडे मी मजेत असते, तरी चहा टाकण्याआधी परवानगी मागितल्यासारखं तुमच्या आईकडे बघते. तिने कधी काही म्हटलेलं नाही, तरी बघते. इथे कुणाकडे बघावं लागत नाही, आणि बघायला कुणी उरलंही नाही. दोन्ही खरं आहे. आता माझ्यापुरतं घर म्हणजे हे दोन्ही, आणि मी ते विचार करून ठेवलं आहे. बाबांना राग येईल. त्यांनी तो माझ्यावर काढावा, तुमच्या आईवर नाही.

तुमची आज्जी