हरवलेल्या कार्डाला सही नाही

आठवडाभर लोकांचं रक्त काढणारी बाई रविवारी कार्डांच्या स्पर्धेत पंच म्हणून बसते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही.

हलिमा मुकादम त्यांचं नाव, पण आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. माहेर म्हसळ्याकडचं, सासर कोपरखैरण्यात, नोकरी वाशीतल्या एका लॅबमध्ये, आणि दर दुसऱ्या रविवारी हजेरी नेरूळच्या आमच्या हॉलवर. मुलगा अम्मार शाळेत असताना त्याला खेळायला घेऊन यायच्या. सहा तास खुर्चीत बसून बाई करणार काय? नियमांचं पुस्तक वाचून काढलं. पुढे अम्मार नोकरीला बेंगळुरूला गेला, त्याची कार्डं माळ्यावर गेली, आई मात्र इथेच राहिली. आजवर एक डाव खेळलेल्या नाहीत, पण नियम विचारा, झोपेतही सांगतील.

आमचा खेळ राक्षस, जादूगार, राण्या यांच्या रंगीत कार्डांचा. प्रत्येकाचा साठ कार्डांचा डेक, त्याची यादी सकाळीच आपांकडे द्यायची, आणि शेवटपर्यंत डेक यादीप्रमाणेच राहिला पाहिजे. खेळताना कार्ड फाटलं किंवा वाकलं तर आपा कोऱ्या कार्डावर त्याचं नाव लिहून सही करतात आणि दिवसभर ते चालतं. हरवलं तर मात्र सही नाही. तसंच दुसरं कुठूनही पैदा करा, नाहीतर त्या जागी बिनकामाचं साधं कार्ड घालून खेळा. "फाटलेलं मी डोळ्यांनी बघते. हरवलेलं कुठे बघू?" असं त्यांचं म्हणणं. लॅबमध्येही रक्ताची नळी सापडली नाही तर पेशंटला परत बोलावतात, शिव्या खातात, पण दुसऱ्या नळीवर त्याचं नाव टाकत नाहीत.

गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत संघप्रियाने मला हरवलं. तेवीस वर्षांची पोरगी, सीवूड्सला कपड्यांच्या दुकानात कामाला. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून तिने आठवड्यात तीन डबल शिफ्ट केल्या होत्या. मी चव्वेचाळीस वर्षांचा, नऊ वर्षं खेळतोय. आणि मला हरवून वर म्हणते, "छान खेळलात, काका." काका! माझं टाळकंच सरकलं. समोर होती नव्हती ती कार्डं गोळा केली, डब्यात कोंबली आणि खाली वडापावच्या गाडीवर गेलो.

खाता खाता, कुठे चुकलो ते बघायला डबा उघडला. माझ्या जादूगाराला समोरच्याचं कार्ड ओढून आपल्या बाजूला ठेवता येतं. मी तिची समुद्रराणी ओढली होती, आणि ती माझ्याच कार्डांत येऊन बसली होती. कार्डांवरची प्लॅस्टिकची कव्हरं दोघांचीही काळी, त्यामुळे असं आमच्यात होतं. वर जाऊन द्यायची, विषय संपला. "देऊ की," मी स्वतःला म्हटलं आणि दुसरा वडापाव मागवला.

वर आलो तर संघप्रिया गुडघ्यांवर टेबलांखाली शोधत होती. तिच्याकडे एकोणसाठच कार्डं होती. पुढची फेरी जिंकली तर दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेत नाव लागणार होतं, आणि तिचा अख्खा डाव त्या राणीवर उभा. हॉलमध्ये दुसऱ्या कोणाकडे ते कार्ड नव्हतं. दहा मिनिटं उरली होती.

"आपा, मारा ना एक सही," सौरभ म्हणाला. "तिच्याकडे होतं ते, आमी सगळ्यांनी बघितलंय."

हा सौरभ तिचा पुढचा प्रतिस्पर्धी. त्याचा चांगुलपणा बघून मला त्याचाच राग आला.

"हरवलेल्याला सही नाय," आपा म्हणाल्या. मग संघप्रियाला, "रडू नको गं. कार्डाला काय पाय फुटलेत? इथंच हाय कुठंतरी."

मी गप्प. आधी मजा वाटत होती म्हणून, आणि मग इतका वेळ का बोलला नाहीत असं कोणी विचारेल म्हणून. आपा माझ्याकडेच बघतायत असं सारखं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं.

आपांनी टाळी वाजवली. "ऐका सगळे! आपापला डेक मोजा. हरलेत त्यांनी पन. कोणाकडे एक जास्त निघालं तर ती चोरी नाय, घाई हाय. घाईला माझ्याकडे शिक्षा नाय."

मी मोजली. इतकं सावकाश मी आयुष्यात काही मोजलं नसेल.

"एकसष्ट," मी पुटपुटलो. मग मोठ्याने म्हणालो, "आपा, एकसष्ट!"

संघप्रिया धावत आली. "थँक्यू काका! तुमी वाचवलंत!"

कार्ड आधी आपांनी घेतलं आणि उलटून पाहिलं. काळ्या कव्हरवर लसणाच्या चटणीचं लाल, तेलकट बोट उमटलं होतं. हॉलमध्ये खायला सक्त मनाई, ती आपांनीच केलेली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. नखं अजून लाल होती.



"डागाचं कव्हर चालत नाय, पाठीवरून कार्ड ओळखू येतं," आपा संघप्रियाला म्हणाल्या. कार्ड काढून पर्समधल्या नव्या काळ्या कव्हरमध्ये घातलं. "जा, बस खेळायला."

मग माझ्याजवळ आल्या. लॅबवाल्या बाईची पर्स ती, तिच्यातून स्पिरिटचा कापूस निघाला. तो माझ्या हातावर ठेवला, त्यावर ते जुनं कव्हर.

"हात पुसा, दिलीपभाऊ. आनि हे तुमचं."

बस्स, एवढंच. पुढे कोणालाही काही बोलल्या नाहीत.

संघप्रिया जिंकली. जाताना मला म्हणाली, "काका, दिल्लीच्या आधी प्रॅक्टिस द्याल?" मी हो म्हणून बसलो आणि तीन रात्री तळमळलो. आपांनी घाई माफ केली होती. माझी घाई नव्हती, आणि ते सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

बुधवारी ती समोर बसली तेव्हा मी ते कव्हर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. तिने कव्हर उचलून तो डाग पाहिला. मग आपला डेक माझ्यापुढे सरकवला.

"आधी मोजा, काका."

मी मोजली. साठ होती.