कचरा काढून ठेवणारे मामू

कॉम्प्युटर ‘बिघडला’ असं मामू कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी तो रुसायचा. घरी आले की आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवायचे आणि मग मला विचारायचे, “बाई, घरात कोन भांडलं?” पहिल्या वेळी माझा पाराच चढला. आमच्या भांडणांशी ह्या माणसाचं काय देणंघेणं? मग कळलं, भांडण म्हणजे कॉम्प्युटरच्याच बोर्डावर कुणी मिक्सर नाहीतर इस्त्री लावली होती का, एवढंच. लावलेली असायचीच, आणि ती मीच लावलेली असायची.

मामू मूळचे बीडजवळच्या पाली गावचे. बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले, ते गेले, कॉम्प्युटर आले, आणि मामू समोर येईल ते उघडत राहिले. हे सगळं शिकलात कुठं, असं विचारलं तर म्हणायचे, “खोलून बगितलं. आत काय वाघ बसलाय व्हय?” कुठलाही कॉम्प्युटर आला की आधी ब्लोअरनं त्याची धूळ उडवायची, मग रोग बघायचा. “निम्मी बिमारी धुळीची आस्ती, बाई. बीड हाय हे.”

शाळेत मी मराठी शिकवायची आणि घरी आपल्या भागातले शब्द गोळा करायची. कावून (म्हणजे का म्हणून), चवाळं, दस्ती. पोरांच्या निबंधात लाल शाईनं खोडलेले हे शब्द संध्याकाळी मीच मायेनं टाइप करून ठेवायची. आमचे हे म्हणायचे, “कुठला कचरा गोळा करतेस?” मी हट्टाला पेटले आणि फोल्डरला नावच दिलं, ‘कचरा’. नाव असलं की कुणी उघडूनही बघत नाही, हा फायदा वेगळाच.

पहिला कॉम्प्युटर वीज पडून गेला, आणि दोन वर्षांचे शब्द घेऊन गेला. मी मामूंच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हमसून हमसून रडले. मामूंनी हार्ड डिस्क हातात घेऊन उलटीसुलटी केली. “कलेजाच जळाला,” म्हणाले, आणि मला चहा मागवला. चहात साखर फार होती. मी प्याले आणि घरी येऊन पुन्हा ‘अ’पासून सुरुवात केली.

दुसरा कॉम्प्युटर नऊ वर्षं चालला. शेवटी शेवटी तो सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की तेवढ्यात माझी भाजी फोडणीला पडायची. मी लेकीच्या बाळंतपणाला लातूरला असताना आम्ही नवा घ्यायचं ठरवलं. मी मामूंना फोन केला आणि मराठीच्या बाईला न शोभणारी चूक केली. म्हणाले, “मामू, जुन्यातला कचरा तेवढा काढून ठेवा. बाकीचं काही नको.”

दीड महिन्यानं परतले तर टेबलावर मामूंनी बसवलेला नवा कॉम्प्युटर. उघडला तर आत काहीच नाही. तशीच दुकानात गेले. “मामू, कचरा?”

मामूंनी खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत मूठभर करडी धूळ होती, दोन मेलेली झुरळं होती आणि पालीच्या अंड्यांची टरफलं. “काढला आन् ठिवलाबी. मलाबी नवल वाटलं, भंगारात जानाऱ्या डब्याचा कचरा कावून काढायचा? पर बाई सांगतेत म्हंजी काईतरी आसंल.”

दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर होती आणि तो ह्यांच्या शर्टाच्या खिशातून धुण्यात गेला होता. ह्या शब्दांचं पुस्तक काढायला तयार झालेला संभाजीनगरचा प्रकाशक पंधरा दिवसांत मजकूर मागत होता. मी मामूंना जे बोलले ते माझ्या शब्दसंग्रहातसुद्धा नाही.

“जुना डबा कुठंय?” मी विचारलं.

“भंगारात दिला.”

“मामू!”

“डबा दिला, बाई. कलेजा कावून दीन?” त्यांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा उतरवला. त्यात गिऱ्हाइकांच्या जुन्या हार्ड डिस्क होत्या, प्रत्येकीवर नाव. माझी एका निळ्या दस्तीत गुंडाळलेली. “तुमी त्या येळंला रडलता ना, तवापासून एकबी टाकली न्हाई. कवा कोन मागंल, काय सांगावं.”

तिथल्या तिथं त्यांनी ती जोडली. फोल्डर उघडला, शब्द ओळीनं खाली उतरले. मामू चष्मा सरसावून वाचायला लागले. “दस्ती म्हंजी हातरुमाल. आता हे काय लिवायचं आस्तं व्हय? हे तर सगळ्यालाच म्हाईत हाय.” मला हसूही येत होतं आणि रडूही.

पुस्तक निघालं. पहिली प्रत मामूंना दिली आणि ‘क’मधलं पान उघडून दाखवलं. तिथं मी छापलं होतं, ‘काढून ठेवणे : टाकून न देणे. (मामूंचा अर्थ.)’ त्यांनी ते पान येणाऱ्याजाणाऱ्याला इतकं दाखवलं की पुस्तक आपोआप तिथंच उघडायला लागलं.

मामू गेल्या वर्षी गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझा तिसरा कॉम्प्युटरही अलीकडे रुसतो, आणि घरात कोण भांडलं हे विचारायला कुणी येत नाही. फार आठवण येते.

परवा हे माझा खण आवरत होते. मामूंनी दिलेली ती धुळीची पिशवी त्यांच्या हाताला लागली. उजेडाकडे धरून म्हणाले, “अगं, हा कचरा टाकू का?”

“हात लावू नका,” मी म्हणाले. “काढून ठेवलाय.”