पहिल्या मजल्याच्या रांगोळ्या

सन दोन हजार चार, मार्गशीर्ष महिना, थंडी. त्या महिन्यात मी अंबरनाथ एमआयडीसीतून रिटायर होऊन बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी बसलो. बसलो म्हणजे दार उघडं टाकून खुर्चीत बसलो. पहिल्या मजल्यावर चार दारं, चार बायका, चार रांगोळ्या. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. दारापुढच्या चपलांसारखे आपोआप साचतात.

*

समोर वैशाली कांबळे नवीन राहायला आली. पहिल्याच सकाळी तिने दारात मोठं कमळ काढलं. शेजारच्या पाटील वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यात काढतात का गं रांगोळी?"

वैशालीने मान वर केली नाही. "दार आमच्यातही असतं, वहिनी."

वहिनींना आत काम निघालं.

*

याच वहिनींनी उल्हासनगरच्या बाजारातून रांगोळीचा स्टिकर आणला. प्लास्टिकचा, चकचकीत. दुकानदार म्हणाला होता, "भाभी, लाइफटाइम." उंबऱ्यापुढे चिकटवून त्यांनी सगळ्या मजल्याला ऐकवलं, "वाकायची कटकट गेली."

उन्हाळ्यात त्यांचे सासरे वारले. सुतकात दारात रांगोळी चालत नाही. वहिनी रडत रडत उलथन्याने स्टिकर खरवडू लागल्या. निघेना. रॉकेल ओतलं. तरी निघेना. खांदेकरी खोळंबले. शेवटी वर पोतं टाकलं.

सासरे गेले, स्टिकर राहिला. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

*

चौथ्या दारातल्या सावंतबाईंनी दिवाळीच्या स्पर्धेला जिन्याच्या तोंडापर्यंत मोर काढला. नवरा नाइट शिफ्ट करून सकाळी आला.

"थांबा तिथेच. परीक्षक येऊन जाऊ देत."

तो पायरीवर बसला, बसल्या जागी झोपला. परीक्षक त्याला ओलांडून वर आले. मोराला दुसरा नंबर दिला.

मी सावंताला म्हटलं, "अभिनंदन."

"कसलं काका? घरात आता माझा तिसरा."

*

मग आमची पाळी आली. बायको मोरीत घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये. दार कोरं राहिलं. दूधवाल्याने हळूच विचारलं, "काका, कोण गेलं?"

"कोणी नाही. दूध दे."

आत बायकोने ऐकलं. "मी जिवंत आणि माझ्या दारात सुतक," म्हणाली. दिवसभर जेवली नाही.

दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे रांगोळी. वैशाली हात झटकत उठत होती. "काकू, हात बरा होईपर्यंत मी आहे." प्लास्टर निघेपर्यंत नोकरीवर जायच्या आधी रोज काढून गेली.

बायको मला म्हणाली, "हिचं कसं फेडायचं?"



*

पुढच्या पावसाळ्यात वैशालीच्या सासूला दवाखान्यात ठेवलं. घरचे सगळे तिकडेच. दाराला कुलूप, पुढे कोरी फरशी. बायको वांगणीला बहिणीकडे गेली होती. सकाळी वैशालीचा फोन आला, म्हातारीला आज सोडणार.

बाहेर पाटील वहिनी सावंतबाईंना सांगत होत्या, "म्हातारी गेली वाटतं. दार बघा ना." सावंतबाईंनी लगेच डोळ्यांना पदर लावला. खालच्या मजल्यावरचेही भेटायला वर येऊ लागले.

मी घरातून रांगोळीचा डबा आणला. गुडघे धरत फरशीवर बसलो. ठिपके मांडले. एक ओळ सरळ येईल तर शपथ.

"काका, हे काय?" पाटील वहिनी म्हणाल्या.

"म्हातारी जिवंत आहे."

"अहो, पण पुरुष माणसाने..."

"सरका. उजेड अडतोय."

संध्याकाळी वैशाली सासूला धरून जिना चढली. दारात थांबली. खाली बघितलं, मग माझ्या पायजम्याचे पांढरे गुडघे बघितले.

"आई, पाय जपून. रांगोळी आहे."

म्हातारीने ठिपके न्याहाळले. "कोणी काढली गं? बाईचा हात मोडलाय का?"

"मोडला होता. आता बरा आहे," वैशाली म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "फिटलं, काका."

मी दार लावून घेतलं.